गौण आरोप (दहशतवादविरोधी खटल्यांतील)

दहशतवादी कटाचा मुख्य आरोप सिद्ध होईलच अशी खात्री नसते, तेव्हा सरकारी पक्ष त्याच्या जोडीला विनापरवाना शस्त्र बाळगणे किंवा पुरावा नष्ट करणे असे कमी शिक्षेचे, पण सिद्ध करण्यास सोपे गुन्हे लावतो. त्यांना गौण आरोप म्हणतात. कटासाठी आरोपीचा हेतू व इतरांशी संगनमत दाखवावे लागते, तर शस्त्राच्या बाबतीत ते विनापरवाना व जाणीवपूर्वक ताब्यात होते एवढे पुरते.

रायगड जिल्ह्याशी जोडलेले याचे मोठे उदाहरण म्हणजे १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला होय. त्या स्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्याआधी जानेवारी-फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातील दिघी व शेखाडी येथे शस्त्रे, आणि शेखाडीला आरडीएक्सही, उतरवण्यात आले होते. हा माल बिनबोभाट जाऊ देणाऱ्या कस्टम व पोलीस कर्मचाऱ्यांच्या बाबतीत सरकारी पक्ष लाचखोरीच्या आरोपावर थांबला नाही, तर दहशतवादी व विघातक कृत्ये (प्रतिबंधक) कायदा, १९८७, म्हणजेच ‘टाडा’, याखाली साहाय्याचा आरोप ठेवून त्याने त्यांना दोषी ठरवून घेतले.

अभिनेता संजय दत्त याच्या बाबतीत उलट घडले: न्यायाधीश प्र. द. कोदे यांच्या विशेष न्यायालयाने त्याला टाडाच्या आरोपांतून मुक्त केले आणि शस्त्र अधिनियमाखाली २००७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा दिली. टाडाच्या कलम १२ नुसार विशेष न्यायालयाला त्याच खटल्यात इतर कायद्यांखालील गुन्हेही चालवता येत. पोलिसांपुढील कबुलीजबाब एरवी पुरावा ठरत नाही. कलम १५ मात्र पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला जबाब ग्राह्य धरत असे, आणि टाडाचा आरोप टिकला नाही तरी तो जबाब एकत्र चाललेल्या इतर गुन्ह्यांसाठी वापरता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव गांधी हत्या खटल्यात १९९९ साली ठरवले. या पद्धतीचा खरा धोका इथेच आहे, कारण शिक्षा सौम्य कायद्याखाली होते, पण ती ज्या पुराव्यावर उभी राहते तो कठोर कायद्याच्या सवलतीने मिळालेला असतो, आणि आरोपीचे सामान्य संरक्षण त्यात निसटते. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी दत्तची दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा पाच वर्षांवर आणली.