वारणेच्या अलीकडे, पलीकडे

सांगलीजवळ हरिपूरच्या संगमावर गेलो, की कृष्णेला मिळणारी वारणा बघून मला एक जुना वर्ग आठवतो. शाहू महाराज आणि ताराबाईंचा धडा चालू होता. शाहू खरे वारस, ताराबाई महत्त्वाकांक्षी, असे मी दरवर्षीप्रमाणे सांगून टाकले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, औरंगजेबाशी सात वर्षं त्या लढल्या. मग राज्य त्यांनी का सोडायचं?" परीक्षेला तेवढेच येते, असे म्हणून मी तिला खाली बसवले. चुकलेच माझे.

कारण ताराबाईंची बाजू लेचीपेची नव्हती. थोरल्या महाराजांचे राज्य संभाजीराजांच्या वेळी बुडाले, आता आहे ते राजाराम महाराजांनी नव्याने मिळवलेले, असे त्यांचे म्हणणे. शाहू १६८९ पासून मोगलांच्या कैदेत होते, ते १७०७ साली सुटून आले. वारसा त्यांचा होता, हेही खरेच. मग निवाडा करायचा कोणी? तो केला सरदारांनी. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडला लढाई झाली, तेव्हा ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंकडे वळलेले होते. पुढे १७११ साली धनाजींचा मुलगा चंद्रसेन एका हरणाच्या शिकारीवरून बाळाजी विश्वनाथाशी भांडला, शाहूंना सोडून ताराबाईंकडे गेला आणि तिथून निजामाकडे. बापलेक, दोघेही सेनापती!

गंमत पुढेच आहे. १७१४ साली सवत राजसबाईने ताराबाईंनाच कैदेत टाकून आपल्या मुलाला, संभाजीला, कोल्हापूरच्या गादीवर बसवले. भांडण दोन माणसांचे असते तर तिथेच मिटायला हवे होते. ते आणखी सतरा वर्षे चालले. साताऱ्यात रुसलेल्याला कोल्हापूर मोकळे, कोल्हापुरात रुसलेल्याला सातारा. निजामानेही त्यात हात धुऊन घेतले.

१७३० मध्ये वारणेकाठी संभाजीच्या फौजेचा पराभव झाला. नंतर कराडजवळ जखिणवाडीला दोघे भाऊ भेटले आणि १३ एप्रिल १७३१ ला वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरला गेला. मिरज प्रांत, तासगाव, अथणी ही ठाणी शाहूंकडे आली. आम्ही मुलांकडून सीमाच तेवढ्या पाठ करून घ्यायचो. खरे कलम वेगळेच आहे, एकाचे नोकर दुसऱ्याने ठेवू नयेत. १९८५ साली आपण पक्षांतरबंदीचा कायदा केला, तो पाहिला की मला हे कलम आठवते. त्याचे पुढे काय झाले ते पेपरात येतेच, असो.

ताराबाई मात्र तहाआधीच शाहूंच्या हाती लागल्या होत्या आणि साताऱ्यातच राहिल्या. शाहूंच्या मागे बारा वर्षे जगून १७६१ साली वारल्या. दोघांच्याही समाध्या साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहेत. त्या मुलीला तिथे न्यायला हवे होते.