शाँलव्हे आणि जयपूरची मीनाकारी

शाँलव्हे हा इंग्रजीने फ्रेंचमधून उचललेला शब्द. ‘शाँ’ म्हणजे शेत किंवा पृष्ठभाग, ‘लव्हे’ म्हणजे उचललेला. धातूच्या पत्र्यात नक्षीपुरती जागा खोदायची, त्या खळग्यांत रंगीत काचेची पूड भरायची आणि भट्टीत ती वितळवून धातूवर पक्की बसवायची, या कामाला शाँलव्हे म्हणतात. क्लुआझोने हा त्याचाच जोडीदार शब्द. पण त्या पद्धतीत खोदकाम नसते, धातूवर बारीक पट्ट्या उभ्या बसवून रंगांसाठी कप्पे केले जातात.

बाराव्या शतकात फ्रान्समधील लिमोज शहरात आणि म्यूज नदीच्या खोऱ्यात शाँलव्हेचे काम बहराला आले होते. तिथे मुख्यतः तांबे वापरत. एकोणिसाव्या शतकात युरोपात अशा वस्तूंचे संग्रह होऊ लागले आणि फ्रेंच अभ्यासकांच्या परिभाषेबरोबर हे शब्दही इंग्रजीत आले. चिनी आणि जपानी फुलदाण्यांमुळे क्लुआझोने घरोघरी माहीत झाला. शाँलव्हे मात्र संग्रहालयांतल्या माहितीपट्ट्या आणि लिलावाच्या याद्या यांपलीकडे फारसा गेला नाही.

भारतात हा शब्द चपखल बसतो तो जयपूरच्या मीनाकारीला. आमेरचे राजा मानसिंह पहिले यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस लाहोरहून शीख मीनाकार आणवले, अशी परंपरा सांगते. १७२७ मध्ये सवाई जयसिंहांनी जयपूर वसवल्यावर ही कला नव्या राजधानीत रुजली. मानसिंहांची म्हणून ओळखली जाणारी दरबारी काठी या कामाचा नामांकित नमुना आहे. तिची लांबी ५२ इंच. तांब्याच्या दांड्यावर सोन्याच्या ३३ नळ्या चढवलेल्या आहेत आणि त्यांवर प्राणी, फुले, निसर्गदृश्ये मीन्यात उतरवलेली आहेत.

एक दागिना पुरा होईपर्यंत अनेक हातांतून जातो. चितेरा नक्षी आखतो, सोनार घडण करतो, मग खोदकाम करणारा पोलादी कलमाने खळगे काढतो. खळग्याचा तळ तो सपाट सोडत नाही, त्यावर बारीक रेघा ओढतो. त्यामुळे मीना धरून राहतो आणि पारदर्शक रंगाखालून सोने चमकते. त्यानंतर काम मीनाकाराकडे येते. धातूंची भस्मे घालून रंगवलेली काच तो कुटून, धुऊन, ओली करून सलाईने भरतो. ज्या रंगाला सर्वांत जास्त आच लागते तो आधी भाजायचा, हा नियम. म्हणून पांढरा पहिला आणि लाल शेवटी. आच जरा जास्त झाली की लाल बिघडतो. माणकासारखा नितळ लाल साधणे हीच जयपूरच्या कारागिराची खरी कसोटी. शेवटी घासून झिलई दिली जाते.

सोने जितके शुद्ध, तितका रंग स्वच्छ उठतो. मिश्रणातले तांबे तापल्यावर काळे पडते. शुद्ध सोने मऊ असल्याने अंगाला घासून झिजते. म्हणून कुंदनाच्या दागिन्यात पुढे रत्ने आणि मागे मीना, ही जोडी शोभेबरोबर सोयीचीही ठरली.

इंग्रजी वाचकांना या कामाची ओळख एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात जयपूरच्या मीन्याची मुक्तकंठाने स्तुती केली. १८८३ मध्ये जयपुरात मोठे कलाप्रदर्शन भरले. १८८६ मध्ये सॅम्युएल स्विंटन जेकब आणि थॉमस होल्बाइन हेंडली यांचे जयपूरच्या मीनाकामावरचे सचित्र पुस्तक निघाले, आणि १८८७ मध्ये अल्बर्ट हॉल संग्रहालय खुले झाले.

तरीही हा फ्रेंच शब्द जयपूरचे काम पुरते सांगत नाही. शाँलव्हे म्हणजे केवळ खळगे खोदून ते भरणे. तळाशी कोरीव काम आणि वर पारदर्शक रंग असेल, तर फ्रेंचमध्ये त्याला बास-ताय म्हणतात. जयपूरच्या एकाच पदकात दोन्ही सापडतात: अपारदर्शक पांढरी जमीन शाँलव्हेची, तर लाल-हिरवी फुले बास-तायची. ‘मीना’ या शब्दात मात्र दोन्ही सामावतात. पारख करायची तर रंगांमधल्या कडा पाहाव्यात. त्या सर्वत्र सारख्या बारीक असतील तर पट्ट्या बसवलेल्या आहेत. कुठे जाड, कुठे निमुळत्या आणि तळाशी अखंड असतील, तर ते खोदकाम आहे.