मैदान कोणाचं? चारकोप, महापालिका आणि आपण



सोसायटीचा इतिहास या स्मरणिकेत इतर मंडळी लिहीत आहेतच. कमिटीने माझ्याकडे कुंपणाबाहेरचा विषय सोपवला: आपल्या आसपासची मैदानं, बागा, नाट्यगृह, उत्सवाचे मांडव, या सगळ्याचं कोण आणि कसं ठरवतं? बँकेतली सवय अशी की आधी मूळ दस्त बघायचा. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मुंबई महापालिकेचा मूळ दस्त म्हणजे 1888 चा कायदा. त्यात पालिकेच्या कामांच्या दोन याद्या आहेत. पहिली सक्तीची: गटारं, पाणी, रस्ते, दिवे, साफसफाई. दुसरी ऐच्छिक: सार्वजनिक बागा आणि खेळाची मैदानं या यादीत येतात. गटार तुंबलं तर पालिका कर्तव्याला चुकली असं म्हणता येतं. मैदान झालं नाही तर तसं ठामपणे म्हणता येत नाही. पुढे 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली. तिच्यासोबत आलेल्या बाराव्या परिशिष्टात शहरांच्या कारभाराचे 18 विषय आहेत. त्यात उद्यानं-मैदानं आहेत आणि सांस्कृतिक गोष्टींना उत्तेजन देणं हाही एक विषय आहे. म्हणजे मैदान आणि नाटक यांना निदान घटनेच्या कागदावर तरी मानाची जागा मिळाली.

आपल्या भागाची गोष्ट जरा वेगळी आहे. दादरचं शिवाजी पार्क 1925 साली लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा कांदिवली पालिकेच्या हद्दीतही नव्हती. पालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत आली ती 1957 मध्ये. तोवर चारकोप म्हणजे गावठाण, शेतं आणि खाडीकडची खारफुटी. आजचं सेक्टरवालं चारकोप जन्माला आलं 1985 नंतर. जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला आणि म्हाडाने इथे भूखंड आखले. पाया, पाणी, गटार, रस्ता सरकारने द्यायचं, घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. लहान भूखंड 25 आणि 40 चौरस मीटरचे. साधारण 35 घरं एका मोकळ्या अंगणाभोवती आणि त्यांची मिळून एक सहकारी सोसायटी, अशी ती रचना. घर लहान, म्हणून अंगण सामायिक. मुलांचं क्रिकेट, हळदीकुंकू, साखरपुड्याचा मांडव, सगळं तिथेच. ज्याने हा नकाशा आखला त्याला गरिबाच्या घरात मोकळ्या जागेची किंमत कळली होती, असं माझं मत आहे.

आखणी म्हाडाची, पण रोजचा कारभार पालिकेचा. आपला वॉर्ड आर दक्षिण. बागेतला तुटलेला झोपाळा असो, फांद्यांची छाटणी असो की रस्त्यावरचा मांडव, अर्ज आधी वॉर्ड ऑफिसला जातो. त्यावर नगरसेवकांची प्रभाग समिती, उद्यानांसाठी बाजार व उद्यान समिती, जमिनी आणि आरक्षणांसाठी सुधार समिती आणि पैशासाठी स्थायी समिती. बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर, पार्ल्याचं दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, मुलुंडचं कालिदास, तिन्ही पालिकेची. आपण तिथे तिकीट काढून नाटक बघतो, पण त्या खुर्च्यांचा आणि एसीचा निर्णय या समित्यांच्या टेबलावरून जातो हे कोणाच्या लक्षात येत नाही.

मोकळ्या जागा सांभाळायला पैसा लागतो, म्हणून पालिकेने त्या संस्थांना दत्तक द्यायचा मार्ग काढला. काही संस्थांनी चांगलं काम केलं. काही ठिकाणी मात्र मैदानावर क्लब उभे राहिले आणि गेटवर पावती आली. 2016 च्या जानेवारीत सभागृहाने पुन्हा दत्तक धोरण मंजूर केलं, तेव्हा नागरिकांनी एवढा आवाज उठवला की मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. सामान्य माणसाच्या ओरडण्याने काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता ताजी गोष्ट, जी आपण सगळ्यांनी पाहिली. 2025 च्या माघी गणेशोत्सवात ‘चारकोपचा राजा’ विसर्जनाला निघाला आणि परत आला. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींबाबत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची नियमावली 2020 ची. ती काटेकोर पाळा, असा उच्च न्यायालयाचा आदेश आला 30 जानेवारी 2025 ला, म्हणजे गणेशजयंतीच्या दोन दिवस आधी. मूर्ती तर कधीच घडून तयार होती. पालिकेला आदेश पाळणं भाग होतं, मंडळाला परंपरेप्रमाणे समुद्रातच विसर्जन करायचं होतं. बाप्पा सहा महिने झाकून राहिले. जुलैमध्ये न्यायालयाने उंच मूर्तींना सवलत दिली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला मार्व्याला विसर्जन झालं. खाडीचं पाणी स्वच्छ राहिलं पाहिजे, यात दुमत नाही. खारफुटीच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला ते कोणी शिकवायला नको. पण असा नियम मूर्तिशाळेत माती-प्लास्टर कालवण्याआधी सांगायचा असतो, मिरवणूक निघाल्यावर नव्हे.

आणि हे सगळं घडत होतं तेव्हा पालिकेत नगरसेवकच नव्हते! सभागृहाची मुदत 7 मार्च 2022 ला संपली, निवडणूक झाली 15 जानेवारी 2026 ला. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार. अधिकारी वाईट होते असं मी म्हणत नाही. पण मंडळाच्या वतीने सभागृहात उभं राहून प्रश्न विचारणारं आणि पुढच्या मतदानाची काळजी असणारं तिथे कोणी नव्हतं. नगरसेवकाला आपण कितीही नावं ठेवली तरी तो नसला की काय होतं, ते चारकोपने पाहिलं.

शेवटी आपल्या कुंपणाच्या आत येतो. आज ना उद्या पुनर्विकासाचा विषय सर्वसाधारण सभेत येणार. 17 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या नियमांच्या आधारे सांगितलं, की नियमाप्रमाणे सोडायची मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर दाखवलेली चालणार नाही. नियम नंतर बदलले आहेत, तेव्हा नकाशा पुढे आला की आधी वास्तुविशारदाला विचारा: मातीवर किती जागा उरते? झाड लावता येईल का? म्हाताऱ्यांना लिफ्टशिवाय तिथे पोचता येईल का? कार्पेट एरियाच्या आकड्याआधी हे प्रश्न विचारा, कारण चटईक्षेत्र वाढवून मिळतं, गेलेलं अंगण परत मिळत नाही.

तरुण सभासदांना एक विनंती. वॉर्ड ऑफिसला जायला लाजू नका. तोंडी सांगू नका, अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि फाईलला लावा. आरक्षित मैदानाचा वापर बदलायची सूचना निघाली, तर मुदतीत हरकत नोंदवा. पंचवीस वर्षांत आपण लीज, पाणी, लिफ्ट यांच्या फायली नीट जपल्या. आता ‘मैदान व बाग’ नावाची एक फाईल उघडावी, असा ठराव पुढच्या सभेत मांडणार आहे. अनुमोदन कोण देतो ते बघू!