भोंगा, ट्रक आणि आपला घसा

यंदा चौदा एप्रिलच्या आधी आमच्या वस्तीत भांडण झालं. मारामारी नाही, पण आवाज चढले. भांडण ट्रकवरून.

समाजमंदिराच्या बाजूला एक जुना टाटा उभा आहे. पुढं नाक काढलेला, लाकडी हौद्याचा. नगर जिल्ह्यात – आता अहिल्यानगर म्हणायचं – अशा ट्रकांनी किती ऊस वाहिला त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. ह्या ट्रकवर माझा बाप क्लीनर होता. आता त्याचं पासिंग संपलं, इंजिन बसलं. पण जयंतीला आम्ही त्याला धुतो, निळा रंग मारतो, वर बाबासाहेबांचा फोटो न् बुद्धाची मूर्ती ठेवतो आणि ट्रॅक्टर लावून ओढतो. केबिनवर दोन भोंगे. वर्षानुवर्षं हेच.

यंदा पोरं म्हणाली, भोंगे काढा. चार बेस, दोन टॉप, मिक्सर, जनरेटर, सगळं भाड्यानं आणू. म्हातारे म्हणाले, भोंगाच पाहिजे, तुमच्या त्या धडधडीत बाबासाहेबांचं नाव ऐकू येत नाही. पोरं म्हणाली, गणपतीत गावाचा डीजे वाजतो तेव्हा ऐकून घेता की! मग मला म्हणाले, तू कविता करतो, तू सांग. मला सांगता आलं नाही. शिकलेला नाही मी फार. जे वाचलं ते पाळीवरून सुटल्यावर वाचलं. पण भांडण डोक्यातून जाईना, म्हणून मागं मागं जात हा इतिहास लावून पाहिला. आवाजाचा इतिहास. आपल्या आवाजाचा.

आधी भोंगा नव्हता, घसा होता. गावगाड्यात महाराच्या वाट्याला जी कामं होती त्यात एक मोठं काम ओरडण्याचं. सारा भरायला लोकांना चावडीवर बोलवायचं. दवंडी द्यायची. कुणी मेलं की पाव्हण्यारावळ्यांच्या गावाला सांगावा घेऊन उन्हातान्हात पळायचं. मांगाच्या हातात हलगी, महाराच्या हातात काठी. म्हणजे गावाचा लाउडस्पीकर आपणच होतो. आवाज आपला, शब्द पाटलाचे. स्वतःच्या तोंडानं स्वतःचं काही बोललं की मात्र तोच आवाज मोठा वाटायचा.

माझा पणजा येसकर होता. आज्या सांगतो, त्याची हाळी मळ्यातल्या शेवटच्या विहिरीपर्यंत जायची. वेशीत उभा राहून त्यानं गावाची किती मरणं ओरडून सांगितली असतील! ह्याच्या बदल्यात बलुतं आणि शिळा तुकडा. ह्या जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार. त्यांनी १९७८ साली ‘बलुतं’ लिहिलं, तेव्हा पांढरपेशा महाराष्ट्राला हे जगणं छापील अक्षरांत वाचायला मिळालं. आपल्या घरात ते आधीपासून माहीत होतं.

बाबासाहेबांनी ह्या ओझ्यावर हात घातला तो १९२८ साली. मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं. ते पास झालं नाही. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा आला १९५८ साली, बाबासाहेब गेल्यावर दोन वर्षांनी. म्हणजे तीस वर्षं लागली. तोपर्यंत पणज्याचा घसा गावच्या मालकीचा.

पण त्याच काळात आपल्या लोकांनी दुसरीकडं घसा मोकळा केला होता. तमाशात. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा आठवा. महाराची पोर. पठ्ठे बापूरावांच्या कवनाला तिच्या गळ्यानं महाराष्ट्र दिला. तेव्हा माईक नव्हता. कनातीच्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द जायचा तर वरच्या पट्टीतच गावं लागायचं. मागं झीलकरी ‘जी जी’ ओढून धरायचे, ते गाणाऱ्याला दम घेता यावा म्हणूनही. आपल्या शाहिरीचा जो चढा सूर आहे तो नुसती हौस नाही. ती गरज होती.

आंबेडकरी जलशानं हीच ढोलकी, हेच तुणतुणं घेतलं आणि आतला माल बदलला. गणेशाच्या गणाच्या जागी बाबासाहेबांना वंदन. गवळणीची चेष्टामस्करी गेली. वगात मेलेलं मांस सोडा, पोरं शाळेत घाला, हे आलं. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांची मंडळी १९३० नंतर गावोगाव असे जलसे करत हिंडली. पुढं १९७८ साली कर्डकांनी जलशांवर पुस्तकच लिहिलं. हे सगळं कंदिलाच्या उजेडात, उघड्या घशानं. गावच्या वेशीत ज्या घशानं दुसऱ्याचं ओरडून सांगितलं, त्याच घशानं आपण आपलं सांगायला लागलो. माझ्या हिशेबानं ह्या इतिहासातली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच. यंत्र नंतर आलं.

आता यंत्राचं. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को गावात १९१५ च्या डिसेंबरात प्रिडॅम आणि जेन्सन ह्या दोघांनी भोंग्यातून हजारो लोकांना भाषण न् गाणं ऐकवून दाखवलं. आपल्याकडं मुंबईच्या मोटवानींची शिकागो रेडिओ कंपनी १९३१ च्या कराची काँग्रेसपासून मोठ्या सभांना लाउडस्पीकर पुरवायला लागली. जुन्या पुढाऱ्यांच्या फोटोत माईकवर शिकागो लिहिलेलं दिसतं, ते हेच. आपल्या वस्त्यांत भोंगा आला तो बराच नंतर, लग्नाच्या मांडवातून आणि निवडणुकीच्या गाडीवरून.

ट्रकाची गोष्ट त्याच्या जोडीनं चालते. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली. करार १९६९ ला संपला, मग नाकावरचा तारा जाऊन टाटांचा टी आला. इकडं नगर जिल्ह्यात १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता, पाठोपाठ आणखी राहिले. ऊस आला तसे ट्रक आले. पाथर्डी-शेवगाव-जामखेडकडची माणसं कोयता घेऊन त्या ट्रकांत बसून फडाला गेली. त्यात आपली माणसं होतीच. हंगामात जो ट्रक आपल्याला उसाच्या मोळ्यांसारखा भरून न्यायचा, तोच ट्रक एप्रिलात आपण एक दिवस मागून आणायचो आणि त्यावर बाबासाहेबांना बसवायचो. हे लक्षात घ्या. तो रथ नाही. ती आपल्या कामाची गाडी आहे.

त्या ट्रकाच्या केबिनवर भोंगा बांधला आणि त्यातून वामनदादा गाजले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा माणूस दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं पक्की करणारा. त्यांचं गाणं आधी तोंडातोंडी गेलं, मग तबकडीवर, मग कॅसेटवर. प्रल्हाद शिंदेंच्या आवाजात भीमगीतं आली. १९८० नंतर कॅसेटप्लेअर स्वस्त झाला तशी ज्याच्याकडं एक भोंगा आणि एक बॅटरी त्याची वस्ती गाणारी झाली.

भोंगा काय करतो ते मी रिपेरिंगवाल्याकडं बसून समजून घेतलं. त्याच्या मागच्या युनिटात एक पातळ पडदा थरथरतो आणि पुढचा कर्णा ती थरथर हवेत ढकलतो. कर्ण्यामुळं थोड्या वॉटात आवाज लांब जातो. तीस वॉटचा भोंगा साध्या बॅटरीवर शेजारच्या वाडीपर्यंत पोचतो. पण तो खालचे सूर देऊ शकत नाही. साधारण तीनशे ते चार-पाच हजार हर्ट्झ, एवढाच त्याचा पट्टा. ढोलकीची घुमी त्यात मरते, आवाज पत्र्यासारखा होतो. पण गंमत अशी की माणसाच्या बोलण्यातले शब्द नेमके त्याच पट्ट्यात असतात. म्हणून भोंग्याचं गाणं कानाला टोचतं, पण शब्द न् शब्द कळतो.

बेसच्या पेटीचं उलटं. तिचं काम चाळीस ते शंभर हर्ट्झ. तो आवाज कानाला कमी, छातीला जास्त लागतो. त्याला वीज मरणाची खाते. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. आता हे जुन्या ट्रकावर चढवायचं म्हणजे हिशेब करा. सहा हजार वॉटचा सेट बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचा तर पाचशे अँपिअर ओढणार. जुन्या ट्रकाचा डायनॅमो तीन-चारशे वॉट देईल. म्हणून वेगळा जनरेटर. जनरेटरचं वजन, पेट्यांचं वजन, त्यावर नाचणारी पोरं, खाली झिजलेले पाटे. पेट्या रचून उंची वाढली की रस्त्यावरच्या विजेच्या तारा. हे खेळणं नाही. एकेक गोष्ट बघून बांधावी लागते.

हे वेड आपलंच आहे असं समजू नका. ब्राझील देशात बाहिया प्रांतात साल्वादोर म्हणून शहर आहे. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांची वस्ती तिथं मोठी. तिथं १९५० च्या कार्निव्हलात दोदो आणि ओस्मार ह्या दोघांनी १९२९ सालची जुनी फोर्ड गाडी सजवली, तिच्यावर भोंगे लावले आणि रस्त्यानं वाजवत निघाले. शहर त्यांच्या मागं नाचलं. आज तिथं त्याचे अजस्र ट्रक झालेत. जमैकातल्या किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतही त्याच सुमाराला लोक जनरेटर, तबकड्या आणि पेट्या ट्रकात घालून रस्त्यावर नाच भरवायला लागले. महागड्या हॉटेलात त्यांना जागा नव्हती, म्हणून रस्ता हाच त्यांचा हॉल. पँथरनं १९७२ साली नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं. ट्रक आपण कुणाकडून घेतला नाही. पण ज्याला आत घेत नाहीत तो रस्त्यावर आवाज मांडतो, ही रीत सगळीकडं सारखी दिसते.

आता कायद्याचं. सन २००० चे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात, राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातून काही ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. सुप्रीम कोर्टानं जुलै २००५ मध्ये ते उचलून धरलं. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आठ तास काढले की बाहेर आल्यावरही माझ्या कानात शिट्टी वाजते. कारखान्यांच्या नियमात ९० डेसिबलला आठ तास आणि १०० ला दोनच तास. मिरवणुकीत पेटीपुढं लेकरू खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या बापाला हे कुणी सांगत नाही. आपल्याच लेकराचा कान आपणच जाळायचा, ह्याला क्रांती कशी म्हणू?

पण दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर हा लेख खोटा होईल. आपल्या मिरवणुकीकडं बोट दाखवून जे म्हणतात, “आम्हाला जयंतीचा नाही, आवाजाचा त्रास होतो,” त्यांना एक प्रश्न आहे. मे २०१५. शिर्डी. ह्याच आपल्या जिल्ह्यात. नर्सिंग शिकणारा एक दलित पोरगा लग्नासाठी आलेला. खिशातला मोबाईल वाजला. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची. बंद कर म्हणाले, त्यावरून मारलं, उचलून नेलं, जीव घेतला. मोबाईलचा स्पीकर केवढा असतो? नखाएवढा. त्याला ना बेस, ना जनरेटर. तो किती डेसिबल होता, सांगा ना.

म्हणजे काही लोकांना आवाज कधीच टोचत नव्हता. शब्द टोचतो. हे कळलं आणि आमच्या वस्तीतलं भांडण मला सुटल्यासारखं झालं. ज्या शब्दापायी आपलं पोरगं मेलं, तोच शब्द आपण आपल्या पैशानं आणलेल्या पेटीखाली गाडायचा? गाणं लागलंय भीमाचं आणि ऐकू येतंय नुसतं धाड-धाड. मग गावच्या डीजेत आणि आपल्यात फरक तो काय राहिला? पण पोरांचंही खरं आहे. त्यांना बारीक आवाजात जगायचं नाही. पणज्यानं पुष्कळ जगून घेतलं तसं.

बैठकीत मी एवढंच मांडलं. पेट्या आणा, पण चार नाही, दोन. बेस कमी, टॉप मोकळा. केबिनवरचे दोन्ही भोंगे काढायचे नाहीत, त्यांची लाईन वेगळी, ती फक्त बोलण्यासाठी. लेकरं पेटीपुढं नाहीत, मागं. दहाला बंद, पोलिसांनी सांगायच्या आधी आपणच. शिव्या मिळाल्या दोन्हीकडून. पण झालं तसंच. पोरांनी जनरेटरखाली रबर घातलं, पेट्यांना पट्टे आवळले, वायरी नीट ओढून घेतल्या. म्हाताऱ्यांनी भोंग्यांना निळा रंग दिला.

मिरवणूक वेशीपाशी आली तेव्हा पोरांनी स्वतःच गाणं थांबवलं. आज्याला ट्रकावर चढवलं. त्याच्या हातात माईक दिला. त्याला भाषण येत नाही. त्यानं पणज्याचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, पूर्ण. मग त्याच्या आधीच्याचं घेतलं. मग वस्तीतल्या बाकीच्या येसकरांची, एकेक करून. ज्यांनी ह्या वेशीत उभं राहून सगळ्या गावाची मरणं ओरडली आणि स्वतःचं मरण कुणी ओरडलं नाही, त्यांची. भोंग्याचा आवाज पत्र्यासारखाच होता. पण मळ्यातल्या शेवटच्या विहिरीपर्यंत गेला. शब्द न् शब्द कळला.

मग पोरांनी बेस लावला आणि आम्ही नाचलो.

जयभीम.