लक्झेंबर्गचा भोंगा

फ्रान्स, बेल्जम व जर्मनी यांच्या बेचक्यांत वसलेला लक्झेंबर्ग देश नकाशावर बोटाच्या पेरानें झांकून जाईल एवढा चिमुकला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं त्याची वस्ती सुमारे तीन लाख होती. १० मे १९४० रोजीं जर्मन फौजा आंत शिरल्या, तेव्हां त्यांना अडवावयास सैन्य असें जवळजवळ नव्हतेंच. ग्रँड डचेस शार्लोट देश सोडून गेली आणि गुस्टाव्ह सिमोन हा नाझी अधिकारी तेथें सर्वाधिकारी होऊन बसला. हे लोक मूळचे जर्मनच, त्यांना त्याचा विसर पडला आहे एवढेंच, असा त्याचा सिद्धांत!

हा सिद्धांत लोकांच्याच तोंडून वदवून घ्यावा म्हणून १० ऑक्टोबर १९४१ ही शिरगणतीची तारीख ठरली. नागरिकत्व कोणतें, मातृभाषा कोणती, वंश कोणता, असे तीन प्रश्न. आणि लक्झेंबर्गी ही भाषा नसून केवळ बोली आहे, अशी पुस्ती सूचनांत जोडलेली. गुप्त पत्रकें फिरलीं व तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर द्यावयाचें ठरलें : लक्झेंबर्गी. चांचणीदाखल कांहीं कागद पाहतांच अधिकाऱ्यांना कौल समजला आणि गणती रद्द झाली.

कागदावरच्या या नकाराची खरी कसोटी पुढील वर्षीं लागली. १९२० ते १९२४ या सालांत जन्मलेल्या तरुणांनीं जर्मन सैन्यांत दाखल झालें पाहिजे, असें सिमोननें ३० ऑगस्ट १९४२ रोजीं जाहीर केलें. शत्रूच्या प्रजेला तिच्याच देशाविरुद्ध लढावयास लावूं नये, असा १९०७ च्या हेग कराराचा दंडक आहे. त्यांतून पळवाट अशी कीं, भरती होणाऱ्याला जर्मन नागरिकत्वही बहाल! दहा महिन्यांपूर्वीं जें साऱ्या देशानें नाकारलें, तेंच आतां त्याच्या मुलांच्या गळ्यांत बांधण्यांत आलें.

दुसऱ्याच दिवशीं उत्तरेकडील विल्ट्झ गांवीं चामड्याच्या कारखान्यांतील कामगार बाहेर पडले. संध्याकाळीं दक्षिणेस शिफ्लांज येथील पोलादाच्या कारखान्याचा भोंगा अवेळीं वाजला, आणि भट्ट्यांवरचे लोक हत्यारें ठेवून निघाले. मग संप खाणींत, टपालकचेऱ्यांत, शाळांत पसरला. शेतकऱ्यांनीं दूध पोहोंचविलें नाहीं. भोंगा वाजविल्याचा आरोप ज्याच्यावर आला तो हान्स आडाम हा कामगार स्वत: जर्मन होता, ही गोष्ट मुद्दाम ध्यानांत घेण्याजोगी आहे. वंशाच्या नांवानें चाललेल्या त्या राज्याला याहून अडचणीचा आरोपी मिळणें कठीण!

सिमोननें लष्करी कायदा पुकारला. झटपट न्यायालयें बसलीं. त्यांत आरोपीचें म्हणणें ऐकून घेण्यास वेळ कोठला? वीस जणांना हिन्ट्झर्टच्या छावणीजवळ गोळ्या घालण्यांत आल्या. विल्ट्झचे नगरपालिका-कर्मचारी मिशेल वोरे व निकोलास म्युलर त्यांतच होते. आडामचा कोलोन येथें ११ सप्टेंबरला शिरच्छेद झाला. मृतांचीं नांवें तांबड्या भित्तिपत्रकांवर छापून चौकाचौकांत लावलीं. कित्येक विद्यार्थ्यांना जर्मनींतील छावणींत धाडलें.

संप मोडला, भरती मात्र सुखासुखी झाली नाहीं. तिची कक्षा पुढें १९२७ सालीं जन्मलेल्यांपर्यंत वाढली, आणि एकंदर दहा हजारांवर तरुण ओढले गेले. त्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश एक तर हजरच झाले नाहींत किंवा रजेवर आले असतां परतले नाहींत. ते राहिले माळ्यांवर, गोठ्यांत, जंगलांत. निडरकॉर्नजवळच्या एका लोखंडाच्या खाणींत शंभराहून अधिक जण लपले होते. रेशनची पत्रिका नसलेल्या एका तोंडाला रोज शिधा पुरविणें म्हणजे काय, तें त्या घरच्या गृहिणीलाच ठाऊक! शिवाय मुलगा पळाला कीं आईबापांना घरदार जप्त करून जर्मनीच्या पूर्वभागांत हद्दपार करीत. त्यामुळें कित्येक मुलगे केवळ आईबापांसाठीं गणवेश चढवून गेले. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

गेले त्यांतले अडीच हजारांहून अधिक परत आले नाहींत. झोनेनबुर्गच्या तुरुंगांत, रशियन सैन्य जवळ येत असतां, ३० जानेवारी १९४५ च्या रात्रीं आठशेंवर कैद्यांना ठार करण्यांत आलें; त्यांत ९१ लक्झेंबर्गी होते. रशियन आघाडीवर संधि साधून जे शरण गेले, त्यांच्या अंगावर जर्मन गणवेश होता. म्हणून तेथेंही त्यांची गणना जर्मनांतच झाली. टाम्बोव्हच्या छावणींत असे हजाराहून अधिक तरुण अडकले. युद्ध संपून कित्येक महिने लोटल्यावर त्यांतले बरेच जण घरीं पोहोंचले.