शपथेआधीचा सैनिक
प्रशिक्षणकाळातील डिस्चार्ज आणि त्यावरील अपील : एक ओळवार भाष्य

भरतीत निवडला गेलेला मुलगा ट्रेनिंग सेंटरच्या फाटकातून आत गेला की गावाच्या लेखी तो फौजी झाला. कायद्याच्या लेखी मात्र तो अजून दोन पायऱ्यांच्या मधे उभा असतो. नाशिक रोडचे तोफखाना केंद्र असो, खडकीचे बॉम्बे सॅपर्सचे, कामठीचे गार्ड्सचे किंवा बेळगावचे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, या मधल्या काळात काही रिक्रूट डिस्चार्ज होऊन घरी परततात. त्यांना अपिलाची वाट आहे. ती कुठून फुटते हे कळायला मूळ पाठ ओळीने वाचावा लागतो.

हा पाठ एका जागी नाही. सेना अधिनियम १९५०, सेना नियम १९५४, अपंगत्व निवृत्तिवेतनाचे पात्रता नियम आणि सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियम २००७ अशा चार ठिकाणी तो विखुरला आहे. नौदल आणि वायुदलाचे कायदे वेगळे असल्याने हे भाष्य भूसेनेपुरते आहे. मूळ भाषा इंग्रजी असल्याने प्रत्येक ओळीचा आशय आधी मराठीत दिला आहे.

ओळ १. नोंदणी झालेला इसम कामास योग्य असल्याचा अहवाल आला, किंवा त्याचा ठरलेला उमेदवारीचा काळ पुरा झाला, म्हणजे त्याच्या तुकडीसमोर त्याला शपथ द्यावी. (अधिनियम, कलम १७)

सैनिक होण्याच्या दोन पायऱ्या इथे दिसतात. पहिली नोंदणी, दुसरी शपथ. शपथेच्या सोहळ्याला जवान ‘कसम परेड’ म्हणतात. घरच्यांच्या आठवणीत ती बँड, ध्वज आणि छायाचित्र म्हणून राहते. सेना नियमांतल्या नियम १३ च्या तक्त्यात मात्र ती माणसाची जागाच बदलते.

नोंदणी होताच रिक्रूट सेना अधिनियमाच्या अमलाखाली येतो. विनापरवाना गैरहजर राहिला तर कलम ३९ त्याला लागते. गैरहजेरी ३० दिवसांवर गेली तर कलम १०६ प्रमाणे कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. म्हणजे जबाबदारी पहिल्या पायरीपासून पुरी. संरक्षण मात्र दुसऱ्या पायरीनंतर वाढते. ही विषमता ध्यानात ठेवूनच पुढचा पाठ वाचावा. २०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेखाली होते. अग्निवीरांची नोंदणीही याच अधिनियमाखाली होत असल्याने त्यांचीही सुरुवात याच ओळीपासून.

ओळ २. अधिनियमाखालील प्रत्येक व्यक्ती राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पद धारण करील (कलम १८); तिला विहित अधिकाऱ्याकडून, विहित रीतीने सेवामुक्त करता येईल (कलम २२).

*शंका :* पद राष्ट्रपतींच्या मर्जीवर असेल, तर अपील कसले? संविधानाचा अनुच्छेद ३१० हेच सांगतो, आणि मुलकी नोकराला अनुच्छेद ३११ ने दिलेले चौकशीचे कवच सैनिकाला नाही.

*समाधान :* कलम १८ एकटे उभे असते तर शंका खरी ठरली असती. पण त्याच कायद्याने कलम २२ मध्ये डिस्चार्जला दोन अटी घातल्या आहेत. तो विहित अधिकाऱ्यानेच द्यायचा, आणि विहित रीतीनेच द्यायचा. ‘मला काढले हा अन्याय आहे’ या वाक्यातून अपील उभे राहत नाही. ते उभे राहते दोन प्रश्नांवर : कोणी काढले, आणि कसे काढले?

ओळ ३. तक्त्याच्या तिसऱ्या रकान्यातील अधिकारी हा पहिल्या रकान्यातील व्यक्तीला दुसऱ्या रकान्यातील कारणांवरून सेवामुक्त करण्यास सक्षम राहील. त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्यालाही तो अधिकार वापरता येईल. (नियम १३)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. अधिकार वरच्या दिशेने जातो, खाली उतरत नाही. शपथ न झालेल्या रिक्रूटसाठी सक्षम अधिकारी म्हणजे कमांडिंग ऑफिसर. आदेशावर सही कोणाची, हुद्दा कोणता, आणि तो निर्णय त्या अधिकाऱ्याने घेतला की त्याच्या वतीने दुसऱ्याने नुसता कळवला, हे अपील लिहिणाऱ्याने सर्वांत आधी तपासावे. इथे खोट निघाली तर पुढच्या वादात शिरण्याची गरजच उरत नाही.

ओळ ४. शपथ झालेल्यांच्या ‘इतर सर्व प्रकारच्या’ डिस्चार्जमध्ये, परिस्थिती परवानगी देत असेल तर, ब्रिगेड किंवा सब-एरिया कमांडरने आदेशापूर्वी संबंधिताला कारणे दाखवण्याची संधी द्यावी. (तक्ता, बाब ३)

ही ओळ रिक्रूटला लागू नाही. तरीही ती वाचायची, ती शेजारच्या ओळीत काय गाळले आहे हे कळावे म्हणून. शपथ झालेल्या जवानाला इतर कारणासाठी काढायचे असेल तर निर्णय एक पायरी वर, ब्रिगेडच्या पातळीवर जातो आणि कारणे दाखवा नोटिशीची वाट उघडते. पुढच्या बाबीत यातले दोन्ही नाही.

ओळ ५. शपथ न झालेल्यांचे सर्व प्रकारचे डिस्चार्ज कमांडिंग ऑफिसरच्या अधिकारात. कार्यक्षम सैनिक होण्याची शक्यता नाही असे ज्यांच्याविषयी वाटते त्या रिक्रूटांचा विचार याच बाबीखाली करावा. (तक्ता, बाब ४)

साऱ्या विषयाची गाठ याच ओळीत आहे.

*पूर्वपक्ष* असा. नियमाने एका बाबीत नोटीस सांगितली, दुसरीत सांगितली नाही. ही अनवधानाची गाळणी नव्हे. कोण लढाईच्या कामाचा आणि कोण नाही, हे पारखायलाच प्रशिक्षण असते. ती पारख उस्ताद, कंपनी कमांडर आणि कमांडिंग ऑफिसर रोज करतात. न्यायासनावर बसून ती होत नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच शपथ न झालेल्या रिक्रूटचे प्रकरण आले, तेव्हा न्यायालयाने सेनेची बाजू उचलून धरली. साध्या, कलंक न लावणाऱ्या डिस्चार्जआधी विभागीय चौकशी व्हायलाच हवी, हे म्हणणे टिकले नाही.

*उत्तरपक्ष* हा निवाडा नाकारत नाही. तो कुठवर पोहोचतो ते दाखवतो. नियम भविष्याविषयी मत बनवायला सांगतो. अमुक मुलगा पुढे चांगला सैनिक होईल का? हे मत हवेतून येत नाही. चाचण्यांचे निकाल, शारीरिक क्षमतेच्या नोंदी, नेमबाजीचे गुण, दिलेल्या समज आणि मागच्या बॅचमध्ये टाकल्याचे आदेश यांवर ते उभे राहते. जवान ज्याला ‘रिलिगेट होणे’ म्हणतात, त्यातूनच मुलाला पुन्हा संधी मिळाली होती की नाही हे कळते. संधी देऊन, समज देऊन, तरीही नापास झाल्याच्या नोंदी असतील तर अपील दुबळे. फाइलमध्ये यातले काहीच नसेल, किंवा गुण चांगले असूनही ‘अकार्यक्षम’ असा शेरा असेल, तर कमांडिंग ऑफिसरच्या मताखाली आधारच उरत नाही.

दुसरा मुद्दा अधिक धारदार आहे. डिस्चार्जचे खरे कारण एखादा विशिष्ट आरोप असेल, समजा भांडण, चोरी किंवा खोटे कागदपत्र, आणि तो सिद्ध न करता फक्त बाब ४ चा शिक्का मारला असेल, तर प्रश्न पालटतो. नोकरीच्या उमेदवारीबाबत सर्वोच्च न्यायालयाने समशेर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात १९७४ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठातून तत्त्व सांगितले : आदेशाचे रूप पाहून थांबू नये, गाभा पाहावा. आदेश वरून साधा असला तरी आत शिक्षा असेल, तर ती शिक्षाच. तो खटला मुलकी सेवेतला, आणि तिथले अनुच्छेद ३११ चे कवच इथे नाही. म्हणून हे तत्त्व जसेच्या तसे लावता येत नाही. पण अधिकार ज्या कामासाठी दिला त्याच कामासाठी वापरला का, हा प्रश्न सैन्यातही विचारता येतो. शिक्षेसाठी अधिनियमात स्वतंत्र वाट आखलेली असताना ती टाळायला ‘अकार्यक्षम’ हा शेरा वापरता येतो का, असे अपिलात थेट विचारावे.

याच बाबीत स्वतःच्या अर्जावरून घरी जाणाऱ्यांचीही सोय आहे. मात्र अर्ज मान्य करणे इष्ट आहे याची खात्री कमांडिंग ऑफिसरने करून घ्यायची असते. अर्जाखाली स्वतःची सही असलेला मुलगा नंतर ‘दबावाने सही घेतली’ म्हणतो, तेव्हा दबाव दाखवण्याचे ओझे त्याच्यावर पडते. त्या दिवसांतली पत्रे, घरी केलेले फोन, सिक रिपोर्ट, सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे यांवाचून हा मुद्दा सहसा तरत नाही.

ओळ ६. सेवेत येताना नोंदलेली वैगुण्ये सोडता, व्यक्तीची शरीरप्रकृती आणि मनःप्रकृती निरोगी होती असे मानावे. पुढे वैद्यकीय कारणाने सेवामुक्ती झाली तर प्रकृतीतील बिघाड सेवेमुळे झाला असे मानावे. (पात्रता नियम, १९८२)

ज्याला गावाकडे ‘बोर्ड आउट झाला’ म्हणतात, त्या रिक्रूटचे अपील वेगळ्या जातीचे असते. तिथे वाद कार्यक्षमतेचा नसून आजार आला कुठून याचा असतो. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत पास केले आणि काही महिन्यांत मेडिकल बोर्डाने ‘जन्मजात’ किंवा ‘सेवेशी असंबद्ध’ लिहिले, तर बोर्डाने कारणे द्यावीत, हा २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याचा रोख. प्रवेशाच्या वेळी नोंद नसेल तर सिद्ध करण्याचा भार सरकारवर. २०१४ मध्ये न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले : आजारामुळे सेवेतूनच काढले असेल, तर अपंगत्व २० टक्क्यांहून कमी होते असे म्हणणे विसंगत आहे.

वाचकाने इथेच थांबून निश्चिंत होऊ नये. २०१९ मध्ये मनोविकाराच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने वैद्यकीय बोर्डाच्या मताला वजन दिले, कारण असे आजार प्रवेशाच्या तपासणीत सुटू शकतात. पात्रता नियमही २००८ आणि २०२३ मध्ये नव्याने आले. डिस्चार्जच्या तारखेला कोणती आवृत्ती लागू होती हे ठरवल्याशिवाय जुन्या निवाड्यांचा आधार घेणे धोक्याचे.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील छात्राची स्थिती याहून वेगळी. तो रिक्रूटसारखा नोंदवला जात नाही, म्हणून जखमी होऊन बाहेर पडल्यावर वरची ओळ त्याच्या हाती लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा छात्रांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली ती याच पोकळीमुळे.

ओळ ७. सेवामुक्त झालेल्या प्रत्येक नोंदणीकृत व्यक्तीला कमांडिंग ऑफिसरने तिच्या मातृभाषेत आणि इंग्रजीत प्रमाणपत्र द्यावे. त्यात सेवा संपवणारा अधिकारी, कारण आणि एकूण सेवाकाळ नमूद असावा. (अधिनियम, कलम २३)

या विषयावर बोलताना लोक ही ओळ ओलांडून पुढे जातात. माझ्या मते अपिलाचा पाया हीच ओळ आहे. बाब ४ कमांडिंग ऑफिसरचे हात मोकळे ठेवते, पण कलम २३ त्याला कारण लिहायला लावते, आणि साताऱ्याच्या वा गडहिंग्लजच्या मुलाला ते मराठीत वाचता यावे अशी कायद्याची आज्ञा आहे. पूर्वपक्षाचा सारा जोर ‘कारण सांगण्याची गरज नाही’ यावर असतो. कायदा एवढेच म्हणतो की आधी संधी द्यायची गरज नाही. नंतर कारण लिहून देण्यातून सुटका नाही.

म्हणून घरी परतलेल्या मुलाने प्रथम हे प्रमाणपत्र हाती घ्यावे. नसेल मिळाले तर लेखी मागावे. मग त्यातले कारण, डिस्चार्ज आदेशातले कारण आणि प्रशिक्षणाच्या नोंदी ही तीन टोके शेजारी मांडावीत. ती जुळली तर वाद थोडा. न जुळली, तर त्या फटीत अपील आहे.

ओळ ८. सेवेच्या कायद्यातील उपलब्ध दाद आधी मागितल्याशिवाय न्यायाधिकरण सामान्यतः अर्ज दाखल करून घेणार नाही (कलम २१). अंतिम आदेशापासून, किंवा उत्तर न येता निवेदनाचे सहा महिने उलटल्यापासून, सहा महिन्यांत अर्ज करावा (कलम २२). (न्यायाधिकरण अधिनियम, २००७)

मुद्दे बळकट असूनही अपिले हरतात ती बहुधा या ओळीत. निवेदन वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पाठवले आणि उत्तराची वाट बघत दोन-तीन वर्षे गेली, ही नेहमीची कहाणी. कायद्याचा हिशेब सरळ आहे : निवेदन दिले, सहा महिने उत्तर नाही, तर पुढच्या सहा महिन्यांत न्यायाधिकरणाचे दार ठोठावा. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते. निवेदनाची पोच जपणे हे म्हणूनच युक्तिवादाइतकेच महत्त्वाचे. अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारले असेल तर पहिले अपील त्यासाठीच्या समितीकडे जाते. त्याचीही मुदत सहा महिन्यांचीच.

न्यायाधिकरण अधिनियमाच्या कलम ३ मधील ‘सेवाविषयक बाबीं’च्या यादीत नोंदणी, उमेदवारी, प्रशिक्षण आणि सेवासमाप्ती ही नावे स्पष्ट आहेत. रिक्रूट न्यायाधिकरणाच्या कक्षेबाहेर आहे हा आक्षेप त्यामुळे टिकत नाही. शिवाय सेवेतून बाहेर पडलेल्याला आपण राहतो त्या भागातील पीठाकडे जाण्याची मुभा कार्यपद्धतीच्या नियमांत आहे. प्रशिक्षण जबलपूरला झाले आणि घर कोल्हापूरला असले तरी मुंबई पीठ चालते. वर सर्वोच्च न्यायालयाचे दार अरुंद आहे. उच्च न्यायालयाचा अनुच्छेद २२६ खालील अधिकार मात्र २०२३ च्या निवाड्याने पुन्हा मोकळा झाला.

उपसंहार

ओळी संपल्या, आता मागणीचा प्रश्न उरतो. आदेश रद्द करून त्याच टप्प्यावर प्रशिक्षण पुन्हा सुरू करावे, नोंदलेले कारण बदलावे, किंवा अपंगत्व निवृत्तिवेतन द्यावे : या तीन मागण्या वेगवेगळ्या पुराव्यांवर उभ्या राहतात. पहिलीला वय आणि वैद्यकीय पात्रता अजून टिकून आहे हे दाखवावे लागते, आणि खटला लांबला की ती आपोआप क्षीण होते. दुसरी मुलाच्या पुढच्या नोकरीसाठी मोलाची असते. तिसरीत तो अयोग्य होता हे मान्य करून, अयोग्य कशामुळे झाला एवढ्यावर वाद असतो. पहिली आणि तिसरी एकाच दमात मागणारा अर्ज ‘मी धडधाकट आहे’ आणि ‘सेवेने मला अपंग केले’ असे दोन्ही म्हणतो, आणि समोरच्या वकिलाला तेवढे पुरते. पर्यायी मागणी करायचीच तर ती क्रम लावून, ‘हे नाही तर ते’ अशा शब्दांत करावी. कोणती आधी, हे ओळ ७ मधल्या प्रमाणपत्रात लिहिलेल्या कारणावरून ठरवावे.