पहिली तबकडी कोणाच्या पैशाने?

'इंडी रॉक' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बहुधा वाढलेले केस, गिटार आणि थोडा उदास आवाज. मीही प्रबंधाला सुरुवात केली तेव्हा आवाजाच्याच मागे होतो. पण 'इंडी' म्हणजे मुळात 'इंडिपेंडंट', आणि हा शब्द हिशेबाच्या वहीतून आलाय. तबकडीचा खर्च कोणी केला, एवढाच त्याचा मूळ प्रश्न.

याचं गाजलेलं उदाहरण मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडचं. 'स्पायरल स्क्रॅच' ही त्यांची पहिली तबकडी जानेवारी १९७७ मध्ये आली. घरच्यांकडून, मित्रांकडून उसने घेतलेले सुमारे ५०० पौंड, चार गाणी, पहिल्या खेपेला १००० प्रती. कंपनीचं नाव 'न्यू हॉर्मोन्स', तीही त्यांचीच. मोठ्या कंपनीने दार उघडायची वाटच त्यांनी पाहिली नाही.

आता आपल्याकडे या. मुंबईत १९८४ साली रॉक मशीन हा बँड सुरू झाला. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश टिणईकर. तेव्हा कार्यक्रमात परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवणं हाच धंदा, स्वतःचं गाणं सुरू केलं की लोक चुळबुळ करायचे. अशा काळात त्यांनी स्वतः रचलेल्या गाण्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम १९८८ मध्ये काढला. मात्र तो सीबीएस कंपनीकडून. १९९३ मध्ये नाव बदलून ते इंडस क्रीड झाले. गाणी स्वतःची, कंपनी दुसऱ्याची! मग यांना इंडी म्हणायचं का? माझ्या मते पैशाच्या मापाने नाही, धाडसाच्या मापाने हो. (मार्गदर्शकांना हे उत्तर पळवाट वाटतं.)

आणि याच मापाने गोंदिया जिल्ह्याकडे पाहिलं की गंमत होते.

अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, देवरी हा भाग झाडीपट्टीचा. धान घरात आलं, हातात पैसा आला, की भाऊबीजेपासून होळीपर्यंत रात्रभर नाटकं चालतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. गावातलं मंडळ वडसा-देसाईगंजच्या कंपनीला ठरलेली रक्कम देऊन नाटक आणतं, मांडव घालतं, तिकिटं विकतं. नफा-तोटा मंडळाचा. नाटकात गाणी भरपूर, वादक रंगमंचालगत बसून प्रत्यक्ष वाजवतात. ना रेकॉर्ड कंपनी, ना वितरक. नाटक पडलं तर खड्डा गावाच्याच खिशाला. बझकॉक्सने एकदा पत्करलेली जोखीम इथली मंडळं दर हंगामात पत्करतात.

मग संगीताच्या इतिहासात हे का नाही? कारण इतिहास तबकडीवरून लिहिला जातो. तबकडीला क्रमांक असतो, साल असतं, सूचीत जागा असते. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं, ते आपण आजही सालासकट सांगतो. झाडीपट्टीतल्या एखाद्या वादकाने स्वतः बांधलेली चाल पहिल्यांदा कुठल्या गावच्या मांडवात वाजवली, हे कोण सांगणार? 'पहिलं गाणं' ही कल्पनाच यंत्राने दिलेली आहे. मांडवातलं गाणं आज एका गावी, उद्या दुसऱ्या गावी, थोडं बदलून. त्यातलं पहिलं कुठलं धरायचं?

त्यामुळे मी आता तबकड्यांच्या याद्या बाजूला ठेवून हस्तपत्रकं, पोस्टरं आणि मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्यांकडे वळलोय. पोस्टरवर नटांची नावं ठळक, वादकांची बारीक, तीही नेहमी नसतात. वहीत मात्र कंपनीला किती दिले, मांडवाला किती लागले, तिकिटांचे किती आले, हे सगळं सापडू शकतं. आणि वहीवर तारीख असते.

तुमच्या गावच्या मंडळाची अशी जुनी वही कुणाच्या माळ्यावर पडली असेल, तर रद्दीत घालण्याआधी तिच्या पानांचे फोटो तेवढे काढून ठेवा.